फणसाचे दार

घराला दार असते, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यावर कोणी चार ओळी लिहायला बसत नाही. खिडकीवर कवींनी वह्याच्या वह्या भरल्या आहेत. दाराने बिचाऱ्याने उघडायचे आणि मिटायचे, एवढेच. मीही लिहिले नसते. पण गेली काही वर्षे एका दाराने माझ्या मनात ठाण मांडले आहे. शिवाय ते मुळात दार नव्हतेच. आंजर्ल्याला आमच्या अंगणात उभे असलेले ते फणसाचे झाड होते.

पुण्यातल्या ज्या सदनिकेत मी राहतो तिचे दार मी निवडलेले नाही. बांधणाऱ्याने साऱ्या इमारतीला एका मापाची, एका रंगाची दारे बसवली आणि त्यांतले एक माझ्या वाट्याला आले. वर सागाचा पापुद्रा आहे. आत काय भरले आहे ते एक कारखानदार जाणे. एकदा रात्री वीज गेली असताना मी जिने मोजायला चुकलो आणि खालच्या मजल्यावरच्या दाराशी किल्ली घेऊन बराच वेळ झगडलो. शेवटी आतून एका बाईंनी "कोण आहे?" असे घाबऱ्या आवाजात विचारले, तेव्हा कुठे मला माझी चूक कळली. आपले दार अंधारात हाताला कळू नये, याचे त्या रात्री मला फार वाईट वाटले.

आंजर्ल्याच्या घराचे तसे नव्हते. दापोली तालुक्यातले हे गाव ज्यांनी पाहिले असेल त्यांना कड्यावरचा गणपती आठवेल. डोंगरावर उजव्या सोंडेचा गणपती, खाली माडांची दाटी, जोग नदीची खाडी आणि पलीकडे हर्णैच्या समुद्रात बसकण मारलेला सुवर्णदुर्ग. ते देऊळ मुळात लाकडी होते आणि अठराव्या शतकात दगडी झाले, असे गावात सांगतात. शेजारचे मुर्डी हे श्री. ना. पेंडशांचे गाव. त्यामुळे मराठीच्या मास्तराला या मुलखात पाऊल टाकताना आपण एखाद्या कादंबरीच्या पानावर तर पाय देत नाही ना, अशी शंका येते. आमच्या लहानपणी दापोलीहून एस्.टी. आसूदचा उतार उतरून हर्णैकडे यायची आणि मग तरीतून खाडी ओलांडावी लागे. आता पूल आहे. पण पुण्याचा माणूस ताम्हिणी उतरून माणगाव, मंडणगड करीत केळशी-आड्याच्या बाजूनेही येतो. मी त्या रस्त्याने येऊ लागलो त्याला कारण होते. त्या बाजूने आले की आधी माझ्या वाट्याचे अंगण लागते आणि दादाच्या ओटीवरून जावे लागत नाही.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमचे घर आजोबांनी बांधलेले. जांभ्या दगडाचे, कौलारू, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. वडिलांनी आणि काकांनी ते समजुतीने निम्मे निम्मे करून घेतले, पण माजघराच्या भिंतीत एक चौकट मोकळी ठेवली. तिला दार नव्हते, नुसता पडदा होता. त्या पडद्याखालून आमटीची वाटी इकडून तिकडे जाई आणि लोणच्याची वाटी तिकडून इकडे येई. आमची दोघांची मुंजसुद्धा खर्च वाचावा म्हणून एकाच मांडवात लागली. त्या मांडवासाठी गॅसबत्ती टांगायला अंगणातल्या फणसात काकांनी चांगला बोटभर जाडीचा खिळा ठोकला होता, तो आम्ही मोठे झालो तरी तिथेच होता. पुढे हळूहळू झाडाने तो गिळला.

२०१४ साली माझे वडील गेले. सातबाऱ्यावर माझे नाव लागले आणि कोणीतरी शहाण्या माणसाने मला सांगितले, "जमिनीची मोजणी करून घ्या. पुढे कटकट नको." मी अर्ज केला. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदाराला जाते, हे मला ठाऊक होते, पण लगतचा खातेदार म्हणजे दादा, हे काही केल्या डोक्यात आले नाही. मी फोन करायला हवा होता. आज करू, उद्या करू, असे म्हणत राहिलो आणि पोस्टमन माझ्याआधी पोचला.

मोजणीवाल्यांनी दिवसभर उन्हात माप घेतले. हद्द नेमकी फणसाच्या बुंध्यातून गेली. दादा ओटीवर बसून सारे पाहत होता. एक शब्द बोलला नाही. मी पुण्याला परत गेलो आणि पुढच्या खेपेस आलो तेव्हा माजघरातला पडदा नव्हता. चौकटही नव्हती. तिच्या जागी चिरे रचून, चुना-सिमेंट भरून, भिंत सरळ करून टाकली होती.

वाचक म्हणतील, एवढ्याने काय झाले? कोकणात भाऊबंदकी नाही असे घर दाखवा! खरे आहे. पण मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून त्यांना ती उघडायला सांगू लागली, ही परंपरेतली कथा मी वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगत आलो आहे. ताटी म्हणजे कुडाचे साधे दार, हे सांगून मी मुलांना विचारतो, "मग मुक्ताई दार ढकलून आत का जात नाही?" मुले निरनिराळी उत्तरे देतात. त्या सहा वर्षांत मीही तो तास दर वर्षी घेतला. चिऱ्याच्या भिंतीवर एकदा बोट वाजवावे, हे मात्र मला सुचले नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, अलिबाग यांच्याबरोबर मंडणगड आणि दापोली तालुक्यांचा किनाराही त्याने झोडपून काढला. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा, आणि तोही काही तास. कौले पाचोळ्यासारखी उडाली, नारळी-पोफळी एकमेकींवर पडल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. ज्याची बाग त्या दुपारी गेली त्याचे किती गेले, याचा हिशेब एका वर्षाच्या पिकावर होत नाही. वर करोनाची टाळेबंदी. गावात वीज नाही, फोन लागत नाही. आणि फोन लागता तरी मी कोणाला करणार होतो? दादाने मधल्या काळात नंबर बदलला होता. तो माझ्याजवळ नव्हता.

कित्येक दिवसांनी शेजाऱ्यांच्या मुलाने फोनवर एक छायाचित्र पाठवले. आमचा फणस मुळांसकट उपटून दोन्ही अंगणांवर आडवा झाला होता. त्याच्या फांद्यांनी दादाचा गोठा मोडला होता. खोडाचा भार माझ्या ओटीवर आला होता. माझे छप्पर गेले होते आणि आजोबांच्या वेळचे पुढचे दार चौकटीसकट आत पडले होते.

मी गेलो तो थेट दिवाळीत, नोव्हेंबरमध्ये. घराचा सांगाडा दिसेल अशी मनाची तयारी होती, तसा तो दिसला. पण अंगणात एक वस्तू होती, तिची मला अपेक्षा नव्हती. फणसाच्या खोडाचा नऊ फुटांचा सरळ ओंडका तीन दगडांवर जमिनीपासून हातभर उंच ठेवलेला होता. वर जुन्या पत्र्याची सावली होती. दोन्ही टोकांना शेणाचा जाड लेप आणि त्यावर कुठल्याशा उरलेल्या तेलरंगाचा हात दिलेला होता. सगळ्या तालुक्यात पडलेली झाडे सरपणाच्या भावाने जात होती. लोकांना आधी डोक्यावर छप्पर हवे होते, ओंडका कवटाळून बसायला कोणाला सवड होती? आमच्याकडेही व्यापारी येऊन गेला होता, हे मागाहून कळले.

मी ओंडक्याभोवती फिरत होतो. दादा ओटीवरून उतरला आणि चार हातांवर उभा राहिला. सहा वर्षांनंतरचे त्याचे पहिले वाक्य असे होते,

"निम्मा तुझा आहे. हद्द बुंध्यातून जाते ना?"

असे वाक्य मी लिहिले असते तर दहा वेळा खोडून पुन्हा लिहिले असते. दादाच्या तोंडून ते एकदाच, सहज आले. मला काही उत्तर सुचले नाही. मी म्हणालो, "टोकांना शेण कशाला?" तो म्हणाला, "सुताराला विचार."

गावातल्या सुतारकाम करणाऱ्या वृद्ध गृहस्थांना सारे आबा म्हणतात. त्यांनी माझे अज्ञान फार न हसता दूर केले. झाडाच्या अंगात पाणी असते. ते बाहेर पडते ते मुख्यतः कापल्या टोकांतून, कारण झाडाच्या नळ्या उभ्या असतात. टोके झपाट्याने वाळली आणि मधला भाग ओला राहिला की टोकाला चिरा पडतात आणि त्या आत आत धावतात. शेणाचा लेप पाण्याला सावकाश जाऊ देतो. "तुमच्या दादांनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावून विचारलं," आबा म्हणाले. "घरावर कौल नव्हतं, न् माणूस फणसाची काळजी करीत होता."

मग त्यांनी दोरीने ओंडक्याचा घेर मोजला. सहासष्ट इंच भरला. लाकूडवाल्यांचा जुना हिशेब असा, की घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने गुणायचे. साडेसोळा इंचांचा वर्ग गुणिले नऊ फूट, म्हणजे सतरा घनफूट. साल गेली, बाहेरचे पांढरे लाकूड गेले, करवतीच्या तोंडात भुसा गेला, की हाताला दहा घनफूट यायचे.

"दोन दारं निघतील, चौकटींसकट," आबा म्हणाले. "जेमतेम."

दादाचे पुढचे दार जुन्या सागाचे आहे, वादळातही हलले नव्हते. मला एक दार हवे होते. मग दुसरे कोणाला? हा प्रश्न तिघांच्याही मनात आला असणार, पण कोणी बोलून दाखवला नाही.

झाड वाऱ्याने पडले म्हणून त्याचे लाकूड उचलून चालू लागता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या यादीत साग, आंबा, ऐन, किंजळ यांच्याबरोबर फणसही आहे, आणि वाहतुकीला वनखात्याचा पास लागतो. अर्जावर दोघांच्या सह्या हव्या होत्या, कारण झाड दोघांचे. एका कागदाने आम्हाला तोडले होते, दुसऱ्या कागदावर आमच्या सह्या एकीखाली एक आल्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ओंडका गिरणीवर गेला. आबांच्या तरुणपणी लाकूड कापायचे म्हणजे ओंडका उंच घोडीवर चढवायचा, एकाने वर उभे राहायचे, एकाने खाली, आणि लांब करवत दोघांनी दिवसभर ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई आणि वरच्याच्या कमरेचे तुकडे होत. गिरणीत पट्टीच्या करवतीने तेच काम अर्ध्या तासात होते. पहिली फळी सुटली आणि मी थक्क झालो. आतला गाभा हळदीसारखा पिवळा! नुसता पिवळा नव्हे, लग्नघरातल्या हळदीसारखा ओला, तेजस्वी पिवळा. ब्रह्मदेश, सिंहल, सयाम या देशांत बौद्ध भिक्षूंची चीवरे याच लाकडाचा भुसा उकळून रंगवण्याची जुनी रीत आहे. दक्षिणेत मृदंगाचे खोड आणि तंजावरची वीणा फणसाची असते. आपल्याकडे कोकणात पाट आणि देव्हारे. वाळवीला हा गाभा सहसा रुचत नाही. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र भुंग्याचे खाद्य, ते निर्दयपणे काढून टाकावे लागते.

चौथ्या फळीला करवत कर्कश किंचाळली. गिरणीवाल्याने घाईने यंत्र थांबवले. पात्याचे दात गेले होते. लाकडाच्या पोटात बोटभर जाडीचा खिळा होता.

गिरणीवाला आमच्याकडे रागाने पाहत होता आणि आम्ही दोघे त्या खिळ्याकडे. लोखंड आणि लाकडातला तुरट रस यांची गाठ पडली की लाकूड काळे-निळे पडते. तसा एक लांबट डाग खिळ्याच्या वर-खाली वीतभर पसरला होता. दादा म्हणाला, "गॅसबत्ती." मी म्हणालो, "मुंज." पात्याचे पैसे निम्मे निम्मे भरले.

फळ्या कापल्या म्हणजे दार झाले, असे मला वाटत होते. सुट्टीत येऊन बसवून घेऊ, असा बेत मी सांगू लागलो. आबांनी मला अडवले. "मास्तर, ओलं लाकूड तुमचं ऐकायचं नाय. आज सरळ दिसतंय, उद्या पाठ फिरवील." लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत आटते, म्हणून ओल्या फळीचे दार उन्हाळ्यात वाकडे होते, फटी पडतात. दर इंच जाडीला एक वर्ष, हा जुना अंदाज. आमच्या फळ्या दोन इंची होत्या.

माझ्या वाट्याला छप्परच नव्हते. तेव्हा फळ्या दादाच्या पडवीत रचल्या गेल्या. जमिनीपासून उंच, दोन फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर काठ्या घालून, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा. त्याच लाकडाचा फूटभर लांबीचा एक तुकडा आबांनी दादाच्या हाती दिला आणि सांगितले, "याला महिन्याच्या महिन्याला तोला. वजन घटायचं थांबलं की मला हाक मारा."

मी पुण्याला गेलो. मार्चच्या एका संध्याकाळी फोनवर निरोप आला. अनोळखी नंबर, आणि मजकूर एवढाच: "२ किलो ३० ग्रॅम."

मी तो नंबर दादा म्हणून लिहून ठेवला. उत्तर काय द्यावे याचा बराच विचार करून मी लिहिले, "गेल्या महिन्यात किती होते?" लगेच उत्तर आले, "२ किलो १५०."

वाचकहो, माणसे एकमेकांशी निरनिराळ्या भाषांत बोलतात. मी आणि माझा भाऊ वर्षभर ग्रॅममध्ये बोललो. एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट होती. "१ किलो ९२०. तुमच्याकडे सगळे बरे ना?" मेच्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. त्या रात्री निरोप आला, "फळ्यांवर ताडपत्री बांधली. घर ठीक." यात फळ्या आधी आणि घर मागाहून आले, हे मी कोणाला सांगितले नाही. आषाढात तुकडा पन्नास ग्रॅमने जड झाला, तेव्हा आम्ही दोघेही काळजीत पडलो. आबा हसून म्हणाले, "पावसात तुम्ही नाय का फुगत? लाकूड मेलं तरी पाणी पितंय."

मी सुट्टीत गेलो की लाकूड पाहायला जावे लागे. लाकूड दादाच्या पडवीत. पडवीत जायचे तर ओटीवरून जायचे आणि ओटीवर वहिनी चहाशिवाय पुढे जाऊ देत नसत. पहिल्या खेपेस मी उभ्याने चहा घेतला, दुसऱ्या खेपेस बसून. तिसऱ्या खेपेस वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जेवूनच जा. फळ्या काही पळून जात नाहीत." दोन वर्षांत माझे छप्पर झाले, भिंती सावरल्या, पण पुढच्या दाराच्या जागी मी पत्राच ठेवला होता. कोणी विचारले की सांगत असे, "दार वाळते आहे."

मार्च २०२३ मध्ये तुकडा १ किलो ४८० वर थांबला. एप्रिलमध्येही तेवढाच भरला. दादाने आबांना हाक मारली.

मेच्या सुट्टीत मी महिनाभर तिथे राहिलो. पंचवीस वर्षे शब्दांचे काम करून मला जे शिकता आले नाही ते त्या महिन्यात आबांच्या पायाशी बसून थोडे थोडे कळले. आबांचा मुलगा विजेचे रंधायंत्र चालवी. पण सांध्याला आबा स्वतः बसत. एका लाकडाला कुसू काढायचे, दुसऱ्यात तेवढीच खाच घ्यायची. कुसू खाचेत हातोडीच्या हलक्या ठोक्याने गेले पाहिजे. हाताने गेले तर सैल, जोराने गेले तर चौकट फुटते. पटाशीने ते केसाएवढे लाकूड काढत आणि पुन्हा लावून पाहत. घाई त्यांच्या अंगात नव्हतीच.

दाराच्या झडपेची एक खुबी त्यांनी मला दाखवली. झडपेच्या चार बाजूंची चौकट पक्की जोडायची. पण मधल्या फळ्या खाचणीत नुसत्या बसवायच्या. त्यांना सरस नाही, खिळा नाही. मी विचारले, "निखळणार नाहीत?" आबा म्हणाले, "चारी बाजूंनी धरलंय, जातील कुठं? पण आत हलाय-फुगाय जागा हवी. आवळून बसवली तर पहिल्याच पावसात दार फाटंल."

दादा शेजारी बसून उंबऱ्याला कानस मारीत होता. त्याचा हात क्षणभर थांबला. माझाही. आबांना आमच्या घराची हकिगत ठाऊक होती की नव्हती, कोण जाणे. ते दाराबद्दल बोलत होते.

माझे पुढचे दार आठ दिवसांत उभे राहिले. दोन झडपांचे, साडेसहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद. मग दुसऱ्याचे लाकूड उरले. खिळ्याचा डाग असलेली फळीही त्यातच होती. आबांनी माप विचारले. मी दादाकडे पाहिले. दादा काही न बोलता उठला, पहार घेऊन माजघरात गेला, आणि थोड्याच वेळात भिंतीमागून ठोके ऐकू येऊ लागले. मी माझ्या बाजूने गेलो. पहिला चिरा हलला तेव्हा माझ्या अंगावर चुन्याची धूळ पडली. मी तो चिरा ओढून घेतला. मग दुसरा. पलीकडे दादाचा घामेजलेला चेहरा दिसला. आम्ही चिरे काढीत होतो, ते माझ्या बाजूला रचीत होतो, आणि चिऱ्यांखेरीज कशाविषयीही बोलत नव्हतो.

तो शेवटचा चिरा उतरल्यावर मी म्हणालो, "दादा, तेव्हा मी फोन करायला हवा होता."

"हवा होता," दादा म्हणाला.

बस, इतकेच. दार बसले. एकाच झडपेचे, मधल्या फळीवर खिळ्याचा काळा डाग. "डाग आतल्या अंगाला फिरवू का?" आबांनी विचारले. त्याला दोन्ही अंगे आतलीच होती. दोघेही एकदम "राहू दे" म्हणालो.

मग शेवटचा प्रश्न आला. कडी आणि कोयंडा हातात घेऊन आबा उभे होते. "कडी कुठल्या बाजूला?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ज्याच्या बाजूला कडी त्याच्या मर्जीने दार उघडते. दोन्ही बाजूंना दोन कड्या लावाव्यात, हे कोणीही व्यवहारी माणूस सांगेल, आणि ते माझ्या अगदी जिभेवर आले होते. ज्या शहाण्याने मला मोजणी करायला सांगितली होती त्याचाच तो आवाज होता. इतक्यात स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "एकच लावा, आमच्याकडून. भाऊजी वर्षातून दोन-तीनदा येणार. मांजरं, उंदीर, वारा, आम्हालाच पाहायचं."

दादा माझ्याकडे पाहत होता. मी आबांना म्हणालो, "लावा तिकडूनच."

उरलेल्या तुकड्यांचे दोन पाट झाले. दिवाळीच्या पहिल्या दिवशी त्यांवर बसून आम्ही अभ्यंगस्नान करतो, एकावर दादा, एकावर मी. या वयातही पहिली अंघोळ कोणाची यावरून भांडण होते आणि मोठेपणाच्या हक्काने तो जिंकतो. पिवळा रंग आता उरलेला नाही. उजेड आणि हात लागून फणस हळूहळू मधासारखा आणि मग काळ्या गुळासारखा होत जातो. माझे पुढचे दार अंधारात हाताला कळते. कुठे गाठ आहे, कुठे आबांची पटाशी किंचित घसरली आहे, हे बोटांना पाठ झाले आहे.

दार बसले त्याच वर्षी मी श्रावणात दोन दिवस गेलो होतो. धुवांधार पाऊस. रात्री चहाची तलफ आली म्हणून मी माजघरातल्या दारावर बोट वाजवले. आतून दादाने कडी काढली, त्याचा आवाज मला स्पष्ट आला. पण दार उघडेना. पावसाचे पाणी पिऊन ते चौकटीत गच्च बसले होते. दुसऱ्या दिवशी आबा आले तेव्हा मी म्हणालो, "जरा रंधा मारून द्या." त्यांनी साफ नकार दिला. "आत्ता रंधा मारला तर वैशाखात त्या फटीतून मांजर जाईल. थांबा. भादव्यात आपोआप सुटंल." आणि ते तसेच सुटलेही.

पण त्या रात्रीचे सांगत होतो. कडी निघालेली, दार अडलेले. मी इकडून खांद्याने ढकलत होतो आणि दादा तिकडून दोन्ही हातांनी ओढत होता. वहिनी कंदील धरून हसत होत्या. "अरे, एकदम जोर लाव!" दादा ओरडला. मी लावला. दार सुटले आणि मी उंबऱ्यावरून थेट त्याच्या अंगावर गेलो.

चहा तोवर उतू गेला होता.